लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर नवरा-बायकोतली मजा-मस्ती कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की भांडणं नाहीत, संशय नाही, सगळं नीट चाललंय, फक्त बायकोशी बोलणं म्हणजे किराणा, ईएमआय आणि मुलीची स्कूलबस, आणि महिन्यातून एकदा दोघंच हॉटेलात जेवायला जाता तर तिथेही आपापला मोबाईल बघत बसता. मग तुमचा प्रश्न की पूर्वीची धमाल परत कशी आणायची.

आधी त्या हॉटेलातून फार अपेक्षा ठेवणं सोडा. जेवायला जा हो खुशाल, पण समोरासमोर बसून "हं, बोल आता" म्हटलं की कोणाचीही बोलती बंद होते, इंटरव्ह्यूला बसल्यासारखं वाटतं. गप्पा रंगतात त्या हात कशाततरी गुंतलेले असताना, आणि मजा तर त्याहून बेरकी, तिच्यासाठी वेळ राखून ठेवला की येत नाही, कामाच्या मध्येच कुठेतरी घुसवावी लागते.

आमच्या लग्नाला पंधराच्या वर वर्षं झाली. डोंबिवलीत राहतो, दोघंही नोकरीवाले, लोकलमधून चेंगरून घरी येतो तेव्हा रोमँटिक वगैरे होण्याची ताकद कोणात नसते. तर आमच्याकडे चालते भाजीच्या भावाची पैज. शनिवारी संध्याकाळी पिशव्या घेऊन जिना उतरतानाच ठरतं, आज मेथीची जुडी कितीला असेल. तो म्हणतो वीस, मी म्हणते तीस, आणि मग भाजीवालीच्या तोंडून आकडा बाहेर पडेपर्यंत दोघंही अगदी सरळ चेहरा करून उभे. ज्याचा अंदाज जास्त चुकला त्याने घरी जाऊन पेपर पसरून ती मेथी निवडायची, आणि जिंकलेल्याने समोर बसून फक्त चुका काढायच्या, "अरे ती काडी राहिली बघ". हार-जीत कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहितो त्याच चौकोनात. आता तर नवरा ऑफिसातल्या कोणाकडून तरी आदल्या दिवशी भाव काढून आणतो, ही चक्क चीटिंग आहे, आणि मी भाजीवालीला फितवून ठेवलंय की हा आला की आधी पाच रुपये वाढवून सांग, मग खरा भाव सांग. ती पण आता इतकी इन्व्हॉल्व्ह झालीय की आम्ही दिसलो की विचारते, आज निवडायची पाळी कोणाची.

आता यात काय मोठंसं आहे म्हणाल. काहीच नाही, पण मेथी निवडताना तासभर आम्ही एकमेकांसमोर बसलेलो असतो आणि त्यात ऑफिसपासून त्याच्या आत्याच्या गुडघ्यांपर्यंत सगळं निघतं, कोणी "बोल" म्हणावं लागत नाही.

आपल्याकडे जुन्या लोकांना हे बरोब्बर कळलं होतं असं मला वाटतं. लग्नात बघा ना, हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायची, एकमेकांच्या मुठीतली सुपारी सोडवायची, दातात धरलेला विडा तोडायचा, उखाणे घ्यायचे. दोन अनोळखी माणसांना एकत्र आणायचं तर आधी खेळायला लावा, हे गणित. गंमत अशी की सत्यनारायण उरकला की हे सगळं गुंडाळून ठेवतात आणि पुढची चाळीस वर्षं संसार "सिरियसली" करायचा. का बुवा? वेरूळला २१ नंबरच्या लेण्यात साक्षात शंकर-पार्वती सोंगट्या खेळत बसलेत, त्यांच्या लग्नाला किती वर्षं झाली असतील तुम्हीच सांगा. त्यांना चालतं तर आपण कशाला लाजायचं.

उखाण्यांचं तर मी चालूच ठेवलंय, पण मंगळागौरीचे नाही, घरगुती तक्रारीचे. परवाचाच ऐका: "फ्रिजमध्ये कोथिंबीर, त्याच्या मागे दही, अमुकरावांचं नाव घेते, वायफायचं बिल यांनी भरलंच नाही." हेच मी सरळ म्हटलं असतं तर अर्धा तास फुरंगटून बसला असता, यावर हसत हसत मोबाईल काढून बिल भरलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या ओल्या टॉवेलवर उलट उखाणा घेतला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

विज्ञानवाल्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत आर्थर अ‍ॅरन नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास छापला. जोडप्यांचे हात-पाय वेल्क्रोच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधले आणि मधला अडथळा ओलांडून गादीवरून रांगायला लावलं, तेही मध्ये उशी धरून आणि ती हातात न घेता. दुसऱ्या जोडप्यांना नुसता बॉल हळूहळू ढकलत न्यायचं कंटाळवाणं काम दिलं. हा सगळा खेळ फक्त ७ मिनिटांचा, पण बांधून रांगलेल्या जोडप्यांनी नंतर आपल्या नात्याबद्दल दुसऱ्यांपेक्षा जास्त चांगलं सांगितलं. म्हणजे मालदीवला जायची गरज नाही, दोघांनी मिळून कशाततरी थोडं येडं व्हायचं, आणि शक्यतो दोघांनाही न येणाऱ्या गोष्टीत, कारण एकाला येत असलं की तो लगेच मास्तर होतो. आम्ही दोघं मोठेपणी पोहायला शिकायला गेलो होतो, शेजारी पाच-पाच वर्षांची पोरं सूर मारतायत आणि आम्ही कठड्याला धरून पाय आपटतोय. पोहणं अजूनही यथातथाच, पण त्या बॅचवर आम्ही आजही हसतो.

एक मात्र जपा. चेष्टा आणि टोमणा यांत फार थोडं अंतर असतं. तिचं वजन, तिचं माहेर, पगार, आणि चारचौघांतली थट्टा, हे आमच्याकडे बाद. ओळखायचं कसं, तर दोघंही हसले तर चेष्टा, एकच हसला तर टोमणा. त्यावर "अगं मस्करी केली, तुला जोकच कळत नाही" हे वाक्य ज्या घरात सारखं ऐकू येतं तिथे पुढे कोणी खेळायला येत नाही.

आणि हे जरा कडू वाटेल, पण विचारतेच. मुलीचा अभ्यास, डबा, तुमच्या आईची औषधं, कामवालीचे खाडे, हे सगळं कोणाच्या डोक्यात असतं? बायकोच्या असेल तर रात्री साडेदहाला तुम्ही कितीही मजेदार वागलात तरी ती "झोपा आता"च म्हणणार, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. त्यातलं एखादं काम अख्खं उचला, न विचारता, न सांगता. मदत म्हणून नको, ते तुमचंच काम झालं पाहिजे. दमलेल्या माणसाला गुदगुल्या केल्या तर फटकाच मिळतो.

सुरुवात कुठून करायची असं असेल तर तिला विचारा लहानपणी कुठल्या खेळात ती कोणाला ऐकायची नाही. लगोरी असेल, झब्बू असेल, नाव-गाव-फळ-फूल असेल, तोच काढा आणि मुलीलाही घ्या खेळायला. माझा नवरा तीन बहिणींत वाढलेला, त्याला सागरगोटे येतात हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं, आणि नुसते येत नाहीत, भन्नाट येतात, माझा अजून एकही डाव लागलेला नाहीये.