मामांनी थापी का देऊन टाकली?

"ताई, मी पुण्यात वीटकाम आणि प्लास्टरचा लेबर ठेकेदार आहे. तीस-पस्तीस माणसं आहेत, साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यातले एक जुने मिस्त्री नांदेडकडचे, वय बावन्न, अकरा वर्षांपासून माझ्याकडे. सगळे त्यांना मामा म्हणतात. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या गावचा एक पोरगा परांचीवरून पडून गेला. मामांनीच त्याला कामाला आणलं होतं. पंचनामा, भरपाई सगळं मी नीट केलं, साइटवर पूजा घातली, तिसऱ्या दिवशी काम सुरू केलं. तेव्हापासून मामांचं लक्ष नाही. प्लास्टर ओळंब्यात येत नाही, दोनदा तोडून परत करावं लागलं. बोलत नाहीत, दारू वाढली होती. गेल्या आठवड्यापासून जरा शांत आहेत, दारूही कमी केलीय. परवा तर आपली थापी, ओळंबा, गुण्या सगळं नव्या पोराला देऊन टाकलं, म्हटलं चला, शिकवायला लागले. पण काम होत नाही आणि इंजिनिअर रोज मला बोलतो. उचल माफ करून महिनाभर त्यांना गावी पाठवावं म्हणतो. शनिवारी रात्रीच्या गाडीत बसवून देतो. बरोबर करतोय ना? सायकॉलॉजिस्ट वगैरे आमच्या लाइनीत कोण करतं?"

(पत्र आलं त्याच दुपारी हे उत्तर त्यांना मेलने गेलं. इथे त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून देत आहे, कारण असे ठेकेदार पुष्कळ आहेत.)

भाऊ,

गाडीचं तिकीट काढलं असेल तर आधी रद्द करा, मग पुढचं वाचा.

तुमच्या पत्रात उचल आहे, प्लास्टर आहे, पंचनामा आहे, इंजिनिअरची बोलणी आहेत. आणि मध्येच, जाता जाता, मामांनी आपली हत्यारं देऊन टाकल्याची ओळ आहे. ती लिहून तुम्ही "चला, शिकवायला लागले" म्हणून मोकळे झालात. इतकी वर्षं या धंद्यात काढून तुम्हाला त्यात काहीच खटकलं नाही?

घमेली, फावडी ठेकेदाराची असतात. थापी मिस्त्रीची असते. ती त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली असते, तिची मूठ त्याच्या हाताला बसलेली असते, दुसऱ्या कुणी नुसती उचलली तरी तो हटकतो. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतो. पोराला शिकवायचं असेल तर मिस्त्री त्याला बाजारातून नवी आणायला लावतो, फार तर आपली जुनी, झिजलेली देतो. ज्याला उद्या सकाळी भिंतीसमोर उभं राहायचं आहे, तो हातातली थापी ओळंब्या-गुण्यासकट देत नाही. मामांनी सगळं दिलं. उद्या कशाने काम करणार, हे तुम्ही विचारलंत का?

स्पष्ट लिहिते. मामा जीव द्यायचा विचार करत असावेत, अशी मला भीती वाटते. जिवापाड जपलेल्या वस्तू माणूस एकाएकी वाटून टाकायला लागला, तर मनाचे डॉक्टर ती धोक्याची खूण मानतात. महिनोन्महिने तळमळणारा माणूस काही कारण नसताना अचानक शांत झाला, तर तीही. तुम्ही त्या शांतपणावर खूश आहात. दरवेळी ती बरं वाटल्याची शांतता नसते, कधी कधी मनाशी काहीतरी ठरवून झाल्याची असते. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच आहे. पण तो बरोबर की चूक, हे वाट बघत बसून ठरवायचं नाही. आज रात्री विचारून ठरवायचं.

आता तुमच्या बेताकडे बघू. गावी कोण आहे? त्या पोराची आई. मामांनीच तिच्या पोराला पुण्याला आणलं होतं. त्या गावात मामांना महिनाभर रिकामं बसवायचं, तेही रात्रीच्या गाडीने एकट्याला पाठवून, याला तुम्ही विश्रांती म्हणताय. आणि उचल माफ करायचा मोठेपणाही नको. इथलं आपलं सगळं संपलं असं ज्याला वाटतंय, त्याचा अकरा वर्षांचा हिशेब तुम्ही स्वतःच्या हाताने मिटवून देणार का? उचल वहीत राहू द्या. मामा तुमचं देणं लागतात, म्हणजे पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांना इथेच धरून आहात. एरवी उचलीबद्दल मी चांगलं काही लिहीत नाही, पण या घडीला ती वहीतच असलेली बरी.

अपघातानंतरचं सगळं तुम्ही नीट केलंत, असं तुम्ही लिहिता. कागद नीट झाले असतील. तिसऱ्या दिवशी मामा परत परांचीवर चढले. पोरगा पडला तेव्हा ते कुठे उभे होते? त्यांनी पाहिलं का? त्याला वर कुणी बोलावलं होतं? हे पत्रात कुठेच नाही. बहुधा तुम्हाला माहीतच नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची पेटी आणि भांड्यांचा संच सगळ्यांना मिळवून दिला असेलच, तुम्ही दिसताच तसे. पण चार महिन्यांत एकदा समोर बसून "मामा, त्या दिवशी काय झालं?" एवढं विचारायला कुठल्या योजनेचा फॉर्म लागत नव्हता.

आज सुटी झाली की हातपाय धुऊन, जेवण होऊ द्या. खोलीत पाच-सहा जण असतील, त्यांच्यासमोर नको. मामांना बाजूला घेऊन बसा. बाटली नेऊ नका. "एक-एक घेऊ आणि बोलू" ही आपल्याकडची पद्धत मला ठाऊक आहे. दारूने जीभ सुटते हे खरं, पण आवरही सुटतो. फोन बंद करा. सुरुवात थापीपासूनच करा: "मामा, थापी का देऊन टाकली?" मग गप्प बसा. त्यांना वेळ लागेल. मधल्या शांततेत उद्याच्या मालाच्या गाडीचा विषय काढू नका.

आणि मग विचारा: "मामा, जीव द्यावा असं मनात येतंय का?" याच शब्दांत. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नात "नाही" हे उत्तर तुम्ही आधीच त्यांच्या तोंडात घालता, आणि मामा तुमचा मान ठेवून तेच परत देतील. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हलकं वाटतं.

"हो" म्हणाले तर बायकापोरांचा विचार करा, पुरुषासारखा पुरुष, असलं काही सुनवायचं नाही. बायकापोरांचा विचार त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त केलेला आहे. "बरं झालं सांगितलंत, आज मी इथेच आहे" एवढं पुरे. आणि खरंच राहा. चटई टाका आणि तिथेच झोपा. तिथूनच १४४१६ लावा. ही मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मामा बोलत नसतील तर तुम्ही बोला, काय करायचं ते तुम्हालाही सांगतील. आत्ताच काहीतरी करतील असं वाटलं तर क्षणभरही एकटं सोडू नका, १०८ लावा. उद्यापासून डॉक्टर सांगेपर्यंत उंचीवरचं काम बंद. खाली माल मोजून घेणं, विटा भिजवणं, काहीही द्या, पण सोबत एक माणूस हवा. इंजिनिअरला काय सांगायचं ते तुम्ही बघा, एरवी त्याला बिलाच्या वेळी बरंच काही सांगताच की.

"नाही" म्हणाले तरी दवाखाना टळत नाही. चार महिने दारू, बोलणं बंद, हाताखालचं प्लास्टर बिघडलेलं, एवढं डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे. ससूनला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि दाखवायचं. तुम्ही स्वतः जा, बिगाऱ्याबरोबर पाठवू नका. मामा म्हणतील, मला येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाकणार का? पुण्यात काम केलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हे बसलेलं असतं. सांगा की डॉक्टर बोलतील, गरज वाटली तर गोळ्या देतील, आपण दोघं संध्याकाळी परत येऊ. डॉक्टरांनी ठेवून घ्यायला सांगितलं तर तिथे मीही थांबेन, हेही सांगा.

मामींना फोन करा, पण मामांना सांगून करा. जमलं तर त्यांनाच इकडे आणा. गाडीभाड्याचे पैसे तुम्ही काढलेच आहेत, ते उलट्या बाजूने लावा.

पोलिसांचं लफडं होईल अशी धास्ती तुम्हाला असणारच, ठेकेदाराला ती असतेच. मनातलं बोलल्याने केस होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूसही अतीव ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यायचे, असं सांगितलं आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: सायकॉलॉजिस्ट वगैरे आमच्या लाइनीत कोण करतं? आधी तुमच्या लाइनीत जीव कोण देतं ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ साली देशात १ लाख ६४ हजार ३३ आत्महत्या झाल्या. त्यात रोजंदारीवर जगणारे ४२ हजार ४ होते. चारातला एक. कुठल्याही धंद्यापेक्षा जास्त. आणि एकूण आत्महत्यांत राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा. मामांची गावी कोरडवाहू जमीन असेलही, पण पुण्याच्या कागदावर असा माणूस मजूर म्हणून लागतो आणि शेतकऱ्यासारखी त्याची बातमी होत नाही. तेव्हा तुमच्या लाइनीत कोणी करत नाही, हे सांगताना जरा सांभाळून. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, २००८ पासून बांधकाम कामगारांसाठी एक संस्था काम करते. ती साइटवरच्या साध्या कामगारांनाच शिकवते: सोबतचा माणूस बदलला तर ओळखायचं कसं, विचारायचं कसं, पुढे कुणाकडे न्यायचं. शिकलेला माणूस हेल्मेटला स्टिकर लावतो, म्हणजे कुणाशी बोलायचं ते बाकीच्यांना कळतं. तिथेही हे लोक रांगडेच आहेत, मनातलं बोलायला तुमच्यासारखेच कचरतात. तुमच्या तीस-पस्तीस जणांत असे दोघं तयार करायला कुणाची परवानगी लागत नाही. पण ते पुढच्या महिन्यात. त्यावर वेगळं पत्र लिहा, मी उत्तर देईन.

आज फक्त मामा. आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाची मामांची हजेरी पूर्ण लावा, खाडा धरू नका.