तर्काची टकळी

चि. स अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी वाचली. ‘आग शॉर्ट सर्किटने लागल्याचा तर्क पोलिसांनी काढला’ या ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारली आहे. तर्क करतात, बांधतात, लढवतात. काढतात तो निष्कर्ष. तू दोन्हींची मोट बांधलीस, त्यामुळे पोलिसांची खात्री झाली आहे की नुसता अंदाज आहे, काही कळेना.

दोष एकट्या तुझा नाही, शब्दच दुतोंडी आहे. ‘तर्कशुद्ध’ म्हटलं की मान ताठ होते. ‘तर्कवितर्कांना उधाण’ म्हटलं की पारावरच्या गप्पा. आणि ‘तर्कट’ म्हणजे तर सरळ कुभांड. मला वाटायचं, चांगला संस्कृत शब्द आपणच मराठीत वापरून झिजवला. पुढे अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हाती पडला. १७ व्या शतकातला, न्यायशास्त्राच्या नवशिक्यांसाठी लिहिलेला चिमुकला ग्रंथ. त्यात अयथार्थ अनुभवाचे, म्हणजे खऱ्या न ठरणाऱ्या ज्ञानाचे, ३ प्रकार दिलेत: संशय, विपर्यय (भलतंच समजणं) आणि चक्क तर्क! उदाहरण तुझ्याच बातमीतलं वाटावं असं: अग्नी नसता, तर धूरही नसता. समोर धूर दिसत असताना अग्नी नाही असं घटकाभर धरून बघायचं. हे धरून बघणं म्हणजे ज्ञान नव्हे, पण शंका त्यानेच मोडते. न्यायसूत्रं म्हणजे या शास्त्राचा मूळ ग्रंथ. त्यातल्या १६ पदार्थांतही, म्हणजे विचाराच्या विषयांतही, तर्क आठवा, निर्णय नववा. तू आठव्यालाच नववा करून टाकलंस.

शब्दाचं मूळ आणखी मजेचं आहे. संस्कृतात ‘तर्कु’ म्हणजे सूत काढायची चाती. तर्क आणि तर्कु एकाच धातूचे मानतात, पीळ देणे या अर्थाच्या. हिंदीतली तकली आणि आपली टकळी त्याच घराण्यातल्या. आजीची पितळी टकळी मी लहानपणी फिरवून पाहिली आहे. पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, जरा जास्त ओढला की सूत तटकन तुटायचं, ओढायला कचरलं की जाडंभरडं यायचं. आजी काही न बोलता तुटलेलं टोक पुन्हा पेळूला जोडून द्यायची. (माझ्या तोंडाची टकळी मात्र तेव्हाही न तुटता चालायची.)

ती ओळ अशी कर: ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागली असावी, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज आहे.’ पंचनाम्यात काय नोंदलंय ते उद्या ठाण्यावर जाऊन विचार. फोनवर नको.