प्रश्न तुमचे : तान्ह्या बाळाची सेंट्रल लाइन

प्रश्न : सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेतली नळी घालण्यासाठी साडेचार किलोच्या बाळाच्या मानेत सोनोग्राफी बघून सुई घालतो. सिरिंजमध्ये रक्त येतं, पण गाईड वायर (जिच्यावरून नळी आत नेतात ती बारीक तार) पुढे सरकत नाही. काय चुकतंय?
– निवासी डॉक्टर, धंतोली, नागपूर

उत्तर : बहुतेक वेळा तुम्ही पहिल्या रक्तावर थांबता, तिथेच चुकतं. या वजनाच्या बाळाची आयजेव्ही (मानेतली मोठी शीर) जेमतेम ४-५ मिलिमीटर रुंद असते आणि कातडीखाली सेंटीमीटरभरही खोल नसते. सुईचं तिरकं तोंड अर्धं शिरेत, अर्धं भिंतीत असलं तरी रक्त येतंच. मग वायर भिंतीला अडते. सिरिंज जोरात ओढली तर शीर आणखी चपटी होते.

पडद्यावरचा पांढरा ठिपका म्हणजे सुईचं टोक, असं धरून चालू नका. तो सुईचा मधला भागही असू शकतो. प्रोब (सोनोग्राफीचा कातडीवर टेकवायचा भाग) एक-दोन मिलिमीटर पुढे न्या, ठिपका दिसेनासा झाला की थांबा, आता तो पुन्हा दिसेपर्यंत सुई पुढे न्या. असं पावलापावलाने शिरेत शिरा. आत गेल्यावर सुई आडवी करा आणि ठिपका शिरेच्या मधोमध ठेवत आणखी काही मिलिमीटर जा. मगच सिरिंज काढा. ती काढतानाच हात हलतो, म्हणून करंगळी बाळाच्या जबड्यावर टेकवून ठेवा.

कॅन्युला (सुईवर बसवलेली प्लास्टिकची नळी) वापरत असाल तर २४ नंबरच्या प्रत्येक बनावटीतून ०.०१८ इंची वायर जातेच असं नाही. ट्रेवर आधी घालून बघा.

प्रोबचा भार नको, जाड जेलवर तो नुसता टेकलेला असावा. खांद्याखाली कापडाची गुंडाळी, डोकं थोडं खाली आणि मान ३० ते ४५ अंशांपेक्षा जास्त वळवायची नाही. जास्त वळवली की शीर कॅरोटिड या मानेतल्या धमनीवर चढते, आणि मागची भिंत फुटली तर सुई थेट धमनीत. मदतनिसाने यकृतावर हलका दाब दिला तर शीर फुगते.

वायर अडली तर रेटू नका, आणि धातूच्या सुईतून ती एकटी मागे ओढू नका. सुईच्या धारेने ती कापली जाते. दोन्ही एकत्र काढा. डायलेटर (वाट रुंद करणारी जाड नळी) घालण्याआधी वायर शिरेतच आहे हे आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांत बघा. डायलेटरही शिरेत शिरेल एवढाच. शीर एवढी उथळ असताना तो पूर्ण आत ढकलला तर मोठी शीर फाटून छातीत रक्त साचतं.

मे महिन्यात जुलाबाने सुकलेली बाळं येतात तेव्हा श्वासागणिक शीर मिटते. आधी किलोमागे १०-२० मिलिलिटर सलाईन. बाळ शॉकमध्ये असेल आणि हातापायाला शीर मिळत नसेल, तर मानेशी झटत बसण्यापेक्षा नडगीच्या हाडात सुई घाला. शॉक आवरल्यावर हंसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वरून ब्रॅकिओसेफॅलिक ही छातीकडे जाणारी मोठी शीर बघा. ती आजूबाजूच्या ऊतींना धरून असल्याने सहसा मिटत नाही, शिवाय सुई संपूर्ण लांबीत दिसते. डावी बाजू अनेकदा सोपी जाते. शिकायला वेळ लागतो, पण आम्ही याच वाटेच्या बाजूने आहोत.

प्रश्न : नळी ३ फ्रेंच जाडीची घालू की ४?

उत्तर : शीर मोजा, प्रोब न दाबता. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर जाडी, ४ फ्रेंच म्हणजे सुमारे १.३. नळी शिरेच्या तिसऱ्या हिश्शाहून जाड नसावी. म्हणजे ४ फ्रेंचला ४ मिलिमीटरची शीर हवी. शीर त्याहून बारीक असेल तर ३ फ्रेंच, नाहीतर गुठळी होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : आयसीयूत फक्त शिरा बघायला छोटं सोनोग्राफी यंत्र घेतलं, तरी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याची) नोंदणी लागते का?
– खासगी रुग्णालय, हिंगणा रोड

उत्तर : लागते. १९९४ चा हा कायदा यंत्राला लागू होतो, तुम्ही मान बघता की पोट, यावर नोंदणी ठरत नाही. यंत्र घेण्याआधीच महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे जा. आणि ते नोंदलेल्या जागेतच ठेवा. ओळखीच्या दुसऱ्या रुग्णालयात तासाभरासाठीही नेऊ नका.