१२५ च्या वेगाला चार दिवसांच्या सामन्यात जागा आहे का?

ऐरोलीच्या एका पालकांनी विचारले आहे की, त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गोलंदाजीचा वेग ताशी १२० ते १२५ किलोमीटर असून ‘लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये एवढ्यावर भागणार नाही, वेग वाढव किंवा फिरकीकडे वळ’ असे त्याला सांगण्यात आले आहे. हा सल्ला मानावा का? ठाण्यात बरीच वर्षे क्लब क्रिकेट खेळून आता मुलांना गोलंदाजी शिकवणारा म्हणून माझे उत्तर असे की, लगेच मानू नये. या वेगाच्या गोलंदाजाचा निकाल वेगावर लागत नाही, तर दिवसाच्या तिसऱ्या स्पेलमध्येही (सलग षटकांच्या तिसऱ्या फेरीतही) त्याचा चेंडू शिवणीवर आणि त्याच टप्प्यावर पडतो का, यावर लागतो.

थोडा हिशेब मांडतो. हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत साधारण १८ मीटर जातो. १४५ च्या वेगाला त्यासाठी सुमारे ०.४५ सेकंद लागतो आणि १३० ला ०.५० सेकंद. चेंडू सरळ येत असेल तर हा फरक मोठा आहे, हे मान्यच करायला हवे. परंतु टप्पा पडल्यावर फलंदाजापर्यंत चार-पाच मीटरच उरतात आणि ते अंतर १२५ चा चेंडूही सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत कापतो. तेवढ्या वेळात कोणताही फलंदाज आपला फटका बदलू शकत नाही. म्हणून टप्प्यावरून बॅटच्या अर्ध्या रुंदीइतका हलणारा चेंडू कमी वेगातही कड घेतो किंवा पायचीत करतो.

दक्षिण आफ्रिकेचा मध्यमगती गोलंदाज व्हर्नन फिलँडर याने २०११ मध्ये केपटाऊनला पदार्पणातच १५ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ४७ धावांत आटोपला. पुढे ६४ कसोटींत त्याने २२४ बळी मिळवले. ‘तिथे खेळपट्टीची मदत होती’ असा आक्षेप यावर येतो आणि तो निराधार नाही, कारण भारतात त्याला तसे यश मिळाले नाही. मात्र पाकिस्तानच्या मोहम्मद अब्बासचे उदाहरण या आक्षेपात बसत नाही. २०१८ मध्ये दुबई आणि अबुधाबीच्या कोरड्या, संथ खेळपट्ट्यांवर त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन कसोटींत १७ बळी घेतले, त्यांपैकी १० एकट्या अबुधाबीत. त्याचे शस्त्र एकच होते : स्टंपच्या रोखाने, थोडा पुढे टप्पा टाकून फलंदाजाला प्रत्येक चेंडू खेळायला लावणे.

आपल्या मुंबईचे पाहायचे तर धवल कुलकर्णीने मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजी अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध पहिल्या डावात १५ धावांत ३ बळी घेतले आणि सामन्यातला शेवटचा बळीही त्यानेच मिळवला. तो त्याचा निरोपाचा सामना होता. सुसाट वेगासाठी तो कधीच ओळखला गेला नाही. दिशा आणि टप्पा यांवरच तो इतकी वर्षे टिकला.

कर्णधाराला अशा गोलंदाजाची खरी गरज चाळिसाव्या ते ऐंशीव्या षटकांच्या दरम्यान भासते. चेंडू जुना झालेला असतो, दुसरा नवा चेंडू दूर असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत वेगवान गोलंदाज चार-पाच षटकांत थकतो. अशा वेळी एका टोकाने सलग आठ-नऊ षटके धावा रोखून धरणारा हाताशी असला, तर दुसऱ्या टोकाच्या फिरकी गोलंदाजाला बळी मिळतात. धावफलकावर हे श्रेय दिसत नाही, पण निवड समितीतील जाणत्या माणसांना ते दिसते. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या एसजी बनावटीच्या चेंडूची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असल्याने तो जुना झाल्यावरही थोडाफार हलतो, हा आपल्या मुलांना मिळणारा मोठा फायदा आहे.

शिवणीची परीक्षा घरच्या घरी करता येते. लाल मातीच्या विकेटवर ओल असताना मुलाला नव्या चेंडूने गोलंदाजी करू द्यावी आणि प्रत्येक चेंडूनंतर मातीचा डाग कुठे लागला ते पाहावे. डाग शिवणीवर असेल तर मनगट चेंडूच्या मागे सरळ आहे. बाजूच्या चामड्यावर असेल तर मनगट कलते आहे. चेंडू पुसून पुन्हा टाकायला द्यावा. महिनाभर एवढेच केले तरी मुलात फरक दिसतो.

मुंबईच्या क्लबांच्या कांगा लीगमधील बळींवरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये. ती स्पर्धा भर पावसाळ्यात, ओल्या विकेटवर होते आणि तिथे मध्यमगती गोलंदाजाला भरपूर मदत मिळते. खरा कस डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या खेळपट्टीवर लागतो. तेव्हा फलंदाज क्रीझबाहेर उभे राहून स्विंग, म्हणजे चेंडूचे हवेतले वळण, निष्प्रभ करतात. त्यावर उपाय म्हणजे यष्टिरक्षकाला स्टंपजवळ उभे करणे. त्यामुळे मुलाने आतापासूनच असा यष्टिरक्षक ठेवून सराव करावा.

वेग वाढवण्याचा प्रयत्न अर्थातच करावा, कारण सतराव्या वर्षी शरीर अजून भरत असते आणि ताकद वाढली की चार-पाच किलोमीटर आपोआप मिळतात. पण त्यासाठी रनअप आणि ॲक्शन यांची मोडतोड करू नये. पाठीची दुखणी बहुधा तिथूनच सुरू होतात. फिरकीचा विचार पुढचा एक कोरडा हंगाम पाहून मगच करावा, आणि तेव्हा बळींच्या आकड्याऐवजी दिवसाच्या शेवटच्या तासात त्याने किती षटके निर्धाव टाकली, हे वहीत लिहून ठेवावे.