फळ्यावरचं दिसतंय का?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या बाई इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या. त्यांना जन्मापासून अल्बिनिझम आहे, म्हणजे केस, त्वचा आणि डोळ्यांत रंगद्रव्य कमी.)

प्रश्न : बाई, मी इंदूरला सुदामानगरजवळच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. यंदा वर्गात एक मुलगी आलीय. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या, आणि डोळे सारखे हलतात. तिला मी पहिल्या बाकावर बसवलंय. रोज आठवणीने विचारते, "फळ्यावरचं दिसतंय का गं?" ती "हो" म्हणते. मग वही बघावी तर अर्धी कोरी, नाहीतर शेजारणीची जशीच्या तशी. तोंडी विचारलं तर मात्र सगळं येतं. मान वाकडी करून वाचते म्हणून सरळ बसवते, तर दोन मिनिटांत पुन्हा तेच. तिच्या आईला बोलावलं तर त्या रडायलाच लागतात. मी काय करू?

उत्तर : आधी ते "दिसतंय का?" बंद करा.

मी दुसरीत असताना शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. रांगेत माझा नंबर विसाव्याच्याही पुढे. माझ्या आधीच्या मुली तक्ता मोठ्याने वाचत होत्या, आणि पाठांतराचं म्हणाल तर मला तेव्हा अख्खी रामरक्षा येत होती. माझी पाळी आली तशा मी सगळ्या ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. केस पांढरे, डोळे झोपाळ्यासारखे हलताहेत, तरी डॉक्टरांनी कार्डावर 'सामान्य' लिहिलं. मी खूश, घरचे खूश. त्यानंतर दोन वर्षं मी शाळेत 'हुशार पण आळशी' होते.

मी खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. तुमची विद्यार्थिनीही खोटं बोलत नाही. तिला फळा दिसतो, त्यावर पांढरं काहीतरी आहे हेही दिसतं. इतरांना यापेक्षा वेगळं दिसतं हे तिला कुठून कळणार? ती जन्मापासून एवढंच बघतेय. त्यातून अख्ख्या वर्गासमोर विचारलं तर उत्तर "हो"च येणार.

तेव्हा शाळा सुटल्यावर तिला थांबवा. रोजच्या अक्षरात फळ्यावर चार ओळी लिहा, तिच्या पुस्तकातल्या नकोत, नाहीतर पाठ म्हणेल (अनुभवाचे बोल). "वाच" म्हणा. वाचता येत नसेल तर एकेक पाऊल पुढे यायला सांगा. जिथे वाचायला लागेल तिथपासून फळ्यापर्यंतची पावलं मोजा. डॉक्टरांच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा तुम्हाला वर्गात हा आकडा जास्त उपयोगी पडेल. दोन पावलं आली, तर पहिल्या बाकाचाही उपयोग नाही. उठून फळ्याशी जायची तिला कायमची परवानगी द्या, किंवा शिकवून झालं की फळ्याचा फोटो काढून तिच्या घरच्या फोनवर पाठवा. हातात धरायची एका डोळ्याची छोटी दुर्बीणही मिळते. अल्पदृष्टीचं काम करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाकडून ती नीट पारखून घ्यावी लागते, आणि ती वापरायला शिकण्यात काही आठवडे जातात.

आता मानेचं. कृपा करून तिची मान सरळ करू नका. अल्बिनिझममध्ये रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, कमी असतं किंवा नसतंच. त्यामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची बारीक पाहण्याची मधली जागा पुरती घडत नाही. चष्म्याने नंबर सुधारतो, पण ही जागा भरून निघत नाही. डोळे हलतात तेही यातूनच. मात्र बऱ्याच जणांच्या बाबतीत नजरेचा एक कोन असा असतो की तिथे डोळ्यांचं हलणं कमी होतं आणि अक्षर जरा ठरतं. ती मान वाकडी करून तोच कोन शोधते. मला लहानपणी "मान सरळ!" म्हणून पाठीत धपाटे मिळालेत. दर वेळी सरळ मान आणि पुसट अक्षर, किंवा वाकडी मान आणि धपाटा, यातलं एक निवडावं लागायचं. तिची मान कुठल्या बाजूला वळते ते बघा आणि जागा त्या हिशेबाने ठरवा. फळ्याच्या बरोब्बर समोरचीच जागा चांगली असं नाही. खिडकी तिच्या पाठीशी हवी. समोरून उजेड आला की आमचं कामच संपलं. वर्गात टोपी किंवा गडद चष्मा घातला तर घालू द्या.

सगळ्यात मोठी गोष्ट फुकटातली आहे: लिहिता लिहिता बोला. इंदुरात पूर्वी काळे टेम्पो चालायचे, ते आठवतात? पाटी कोण वाचायचं! दारात लोंबकळणारा पोरगा ओरडायचा, "राजवाडा, मालगंज, बडा गणपती!" माझं निम्मं आयुष्य त्या पोरांच्या भरवशावर गेलं. मग चकचकीत सिटी बस आल्या, पुढे आकडे लागले, आणि मी स्टॉपवर शेजारच्याला विचारायला लागले, "भैया, कौनसी है?" वर्गात आपण बहुतेक जण सिटी बस असतो. फळ्याकडे तोंड करून म्हणतो, "हे इकडे नेलं, यातून ते गेलं, मग उरलं किती?" 'हे' म्हणजे काय आणि 'इकडे' म्हणजे कुठे? "उणे सात उजवीकडे नेले, अधिक सात झाले" असं म्हणायला तीन सेकंद जास्त लागतात. मला हे जमतं याची फुशारकी नाही. स्वतः लिहिलेलं मलाच दोन हातांवरून दिसायचं नाही, म्हणून बोलायची सवय लागली. मागच्या बाकावरच्या ज्यांना सगळं दिसत होतं त्या मुलीही म्हणायच्या की बाईंचं गणित डोळे मिटून कळतं.

काळ्या किंवा हिरव्या फळ्यावर पांढरा किंवा पिवळा खडू वापरा. लाल-निळा आम्हाला दिसतच नाही. पांढऱ्या बोर्डावर काळा मार्कर, आणि तो मरायला टेकला की फेकून द्या. दशांश चिन्ह ज्वारीच्या दाण्याएवढं काढा. तिने ३.५ चे ३५ केले, तर ती चूक गणिताची की डोळ्यांची, हे विचारल्याशिवाय लाल शाई लावू नका. मराठी-हिंदीतही तेच. घ-ध, भ-म, ब-व, प-ष, आणि डोक्यावरचा अनुस्वार! अनुस्वाराने माझे जितके मार्क खाल्ले तितके गणिताने कधी खाल्ले नाहीत. शुद्धलेखनाला तिला छापील मजकूर मोठ्या, ठळक अक्षरात द्या. झेरॉक्सवाला मोठं करून देतो, पण मूळ प्रत फिकट असेल तर फिकटच मोठं होतं. एनसीईआरटीची पुस्तकं ई-पाठशालेवर फुकट आहेत, ती टॅबवर हवी तेवढी मोठी करता येतात.

दहा उदाहरणं दिली असतील तर तिला पाच द्या. पण सोपी पाच नकोत, दहातलं अवघड त्यात हवंच. वही नाकाला लावून वाचली तर वाचू द्या, त्याने डोळे बिघडत नाहीत. मान आणि पाठ मात्र दुखते. माझ्या आजोबांचा पोथी ठेवायचा लाकडी स्टँड मी शाळेत न्यायचे, त्यावर वही तिरकी आणि जवळ राहते. मुली हसायच्या. मग एकीने घरून तसाच आणला, नुसती हौस म्हणून.

एक राहिलं. ती व्हरांड्यात तुम्हाला ओलांडून गेली आणि नमस्ते म्हणाली नाही, तर उद्धट म्हणू नका. चेहरा ओळखू येत नाही. आपणच आपलं नाव सांगून हाक मारावी. आणि वर्गात बोट दाखवून "तू सांग" म्हणू नका, नाव घ्या.

तिच्या आईला पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा तक्रार नको. ती पावलं सांगा.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, अल्बिनिझम आहे. चष्म्यासकट नजर ६/३६. शाळा म्हणते, दहावीला अडचण येईल, याला अंधशाळेत घाला. त्याची नजर पुढे आणखी जाईल का? सासूबाईंच्या मते मी ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं. — एक आई, देवास

उत्तर : ग्रहणाचं आधी संपवू. केस-त्वचेसकट असणारा अल्बिनिझम होतो तेव्हा आई आणि वडील दोघांकडून एकेक बदललेलं जनुक आलेलं असतं. दोघांच्या अंगावर त्याचं काहीच दिसून येत नाही, त्रास नसतो, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. म्हणजे अर्धा वाटा सासूबाईंच्या चिरंजीवांचा. हे त्यांना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या.

नजर सहसा अशीच राहते, उतरत जात नाही. ६/३६ म्हणजे इतरांना जे ३६ मीटरवरून वाचता येतं ते त्याला ६ मीटरवरून. अशा मुलाला ब्रेलची सहसा गरज नसते, छापील अक्षर मोठं आणि ठळक हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंतची नजर 'अल्पदृष्टी'त येते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त निघालं, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत फुकट शिकायचा हक्क त्याला आहे. विशेष शाळा निवडायचाही आहे, पण निवड तुमची. शाळेने ती परस्पर करायची नाही. हे तोंडी सांगू नका. अर्ज लिहा आणि पोच घ्या.

जिल्हा रुग्णालयात तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, आणि तेही आत्ताच, दहावीचे फॉर्म भरायच्या आठवड्यात नव्हे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्याला तासामागे किमान २० मिनिटं जास्त मिळतात, आणि लेखनिक न घेणाऱ्यालाही ३ तासांच्या पेपरला १ तास जास्त देता येतो. अल्पदृष्टीच्या मुलाला लेखनिक हवा असेल तर तो लागतोच असं सिव्हिल सर्जनचं पत्रही जोडावं लागतं. माझं मत विचाराल तर त्याचं हस्ताक्षर वाचता येत असेल तर लेखनिक नको. जास्तीचा तास आणि मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मागा. भूमितीची आकृती दुसऱ्याला शब्दांत सांगून काढून घेणं ही वेगळीच विद्या आहे, त्याचा वर्षभर सराव नसेल तर परीक्षेत फजिती होते. काहीही निवडलंत तरी नववीच्या सहामाहीपासून तसाच पेपर लिहू दे.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. मला अल्बिनिझम आहे. खेळाच्या तासाला सर मला सावलीत स्कोअर लिहायला बसवतात. मुलं मला 'सूरजमुखी' म्हणतात. मला क्रिकेट खेळायचंय. — इंदूर

उत्तर : अरे, मलाही सूरजमुखीच म्हणायचे! ज्याने कुणी हे नाव काढलं त्याने ते फूल बघितलेलं नसणार. ते उन्हाकडे तोंड करून उभं राहतं आणि आपण पाठ करून.

लेदर बॉल नको. आपल्या डोळ्यांना अंतराचा अंदाज नीट येत नाही, आणि तो बॉल तोंडावर येईपर्यंत कळत नाही. इथे मी तुझ्या सरांच्या बाजूची आहे. पण स्कोअर लिहायला बसवणं मला पटलेलं नाही. अंधांच्या क्रिकेटबद्दल ऐकलंयस? प्लॅस्टिकचा बॉल, आत छर्रे, घरंगळला की खुळखुळतो. बोलिंग खांद्याखालून. बोलर आधी "रेडी?" विचारतो, बॅट्समन "येस" म्हणतो, मग "प्ले" म्हणून बॉल सुटतो. खेळाडूंचे बी-१, बी-२, बी-३ असे तीन गट असतात, बी-१ म्हणजे पूर्ण अंध आणि पुढचे दोन थोडं दिसणारे. २०१२ साली बंगळुरूला या क्रिकेटचा पहिला टी-२० विश्वचषक झाला, तो भारताने जिंकला. तसा बॉल मागवायला सरांना सांग. सगळ्या वर्गाने एक दिवस त्याने खेळून बघावं, डोळ्याला पट्टी बांधून. मग कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

तोवर रबरी बॉल, तोही मैदानाच्या रंगात न मिसळणारा. आपल्या मातीवर लाल बॉल हरवतो, पोपटी-पिवळा घे. खेळायचं सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर झालर असलेली टोपी, गडद चष्मा, आणि एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी. कानामागे लावायचं विसरतोच माणूस, मी अजून विसरते.

मी स्वतः कधी खेळले नाही. आमच्या वेळी मुलींना कोण खेळू देतंय! पण रेडिओवर आपल्या इंदूरच्या सुशील दोशींची कॉमेंट्री ऐकून क्षेत्ररचना कागदावर मांडायचे. पॉइंट कुठे, गली कुठे, सगळं पाठ. तेवढं तूही करून ठेव, कप्तान व्हायला उपयोगी पडेल.

पत्र काळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलंस ते फार बरं केलंस. भिंग न घेता वाचलं.