टाकी धुऊ नका, पाणी बदला

प्रश्न : ताई, आमची दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आहे. त्यात आठ गोल्डफिश आहेत. दर रविवारी मासे बादलीत काढून मी टाकी, खडे, फिल्टर सगळं घासून धुते आणि नवीन पाणी भरते. तरी गुरुवारपर्यंत पाणी हिरवं होतं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. दुकानातून शेवाळाचं औषध आणून टाकलं, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. – एक वाचक, सांगली

उत्तर : रविवारची ही धुलाई आधी थांबवा. तुमची कंबर मोडते आणि पाणी हिरवं होण्याचं निम्मं कारणही तिच्यातच आहे.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो माशांना विषारी असतो. खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटचा माशांना त्या मानाने त्रास नाही. ही वस्ती बसायला महिना-दीड महिना लागतो. तुम्ही ती दर आठवड्याला नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली चोळून काढता. मग अमोनिया साचतो, मासे वर येऊन धापा टाकतात आणि शेवाळाला आयतं खत मिळतं. टाकीच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीत, अगदी माशांबरोबर बादलीतून आलेल्या पाण्यातही शेवाळाच्या पेशी उरतातच. ऊन आणि खत मिळालं की त्या बघता बघता वाढतात.

आता एक करून बघा. काचेच्या पेल्यात टाकीतलं पाणी घ्या आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. पेल्यातलं पाणीच पोपटी दिसलं, तर ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ. ते कापडातून गाळलं जात नाही, साध्या स्पंजातही अडकत नाही. त्याच्यावर उपाय अंधाराचा. एक तृतीयांश पाणी बदला, दिवा बंद करा, टाकीभोवती जाड चादर गुंडाळा आणि तीन-चार दिवस उघडू नका. खाणं द्यायचं नाही. मोठ्या गोल्डफिशना एवढा उपास सहज सोसतो. हवेचा पंप मात्र रात्रंदिवस चालू हवा. अंधारात शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं, आणि मेल्यावर कुजताना आणखी खातं. चादर काढल्यावर निम्मं पाणी बदला, म्हणजे मेलेलं शेवाळ बाहेर जाईल. औषधाने फरक का टिकला नाही, तेही यातच आलं: शेवाळ मेलं, पण कुजून त्याचं खत पाण्यातच राहिलं. शिवाय अशा काही औषधांत तांबं असतं. टाकीत गोगलगायी किंवा कोळंबी असेल तर ती त्याने दगावते.

पुढे दर आठवड्याला एवढंच करायचं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक नळी घ्या. ती पाण्याने भरून घेऊन एक टोक खड्यांत खुपसा, दुसरं खाली बादलीत सोडा. खड्यांतून चहाच्या रंगाचा गाळ वर येताना दिसेल. तोच बाहेर काढायचा आहे. तुमच्या टाकीत खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी असेल, त्यातलं १० ते १२ लिटर काढलं की पुरे. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा; साबण नको, नळ नको. ते पाणी कुंड्यांना घाला, झाडं खूश होतील. भरायचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत ठेवलेलं असावं, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब घालून.

टाकीवर खिडकीतून थेट ऊन येत असेल तर ती हलवा. दिवा सहा-सात तासच. साधा टायमर लावला की विसरायला होत नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात लहान मुलं असतील तर डबा त्यांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. आणि मनीप्लांटची एक फांदी मागच्या काचेवर अडकवून तिची मुळं पाण्यात सोडा, पानं बाहेर. गोल्डफिश मुळं थोडी कुरतडतील, कुरतडू द्या. ती मुळं नायट्रेट ओढून घेतात. मला या एका फांदीचं फार कौतुक आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आवडणार नाही. या टाकीत दोन गोल्डफिशसुद्धा भरपूर झाले, आठ तर फारच. मोठी टाकी असलेल्या कुणाला सहा मासे द्या किंवा दुकानदाराला परत घेता का विचारा. नदीत, विहिरीत सोडू नका.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी नवीन टाकी लावली. काचेवर आणि खड्यांवर तपकिरी थर येतो. सकर मासा आणला की तो सगळं खाऊन टाकतो असं ऐकलंय, खरं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा. नव्या टाकीत तो येतोच, काही आठवड्यांत आपसूक कमी होतो. बोटाने पुसला तरी निघतो. जुन्या टाकीत काचेवर घट्ट हिरवे ठिपके बसतात, त्यांना दाढीचं ब्लेड लागतं. तेव्हा कोपऱ्यांतल्या सिलिकॉनला धार लागू देऊ नका.

सकर आणू नका. दुकानात बोटाएवढा दिसतो तो पुढे फूट-दीड फुटाचा होतो. लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की गोळ्यांवर ताव मारतो आणि रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर चाटतो, त्याने त्यांना जखमा होतात. मग लोक कंटाळून तो तळ्यात टाकतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज आंध्रातल्या मत्स्यतळ्यांत आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. काच चाटायला कुणी हवंच असेल तर दोन-तीन नेराइट गोगलगायी आणा. त्यांची पांढरी अंडी काचेवर चिकटतात, पण गोड्या पाण्यात त्यांतून पिल्लं वाढत नाहीत.

प्रश्न : गणपतीला दहा दिवस गावी जातो. माशांचं काय करायचं? परत आलो की टाकी हिरवीगार असते. – एक वाचक, परळ

उत्तर : शेजारी प्रेमाने रोज मूठभर घालतात, म्हणून. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर खाण्यावाचून राहतात. कागदाच्या तीन पुड्या बांधा, प्रत्येकीत एका वेळेचं खाणं, आणि वर तारीख लिहा. डबा कपाटात बंद करून जा. पाण्यात विरघळणारे सुट्टीचे ठोकळे नकोत, ते पाणी घाण करतात. निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदला, दिवा बंद ठेवा, खिडकीचा पडदा ओढा. फिल्टर आणि पंप चालू राहू द्या, आणि मेन स्विच बंद करून निघायची सवय असेल तर घरातल्या सगळ्यांना आधीच बजावून ठेवा.