आई पंखा लावते, बाबा पडवीत झोपतात

प्रश्न : डॉक्टर मावशी, मी बारावीत आहे. देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. यंदा मोहोर काळा पडला, फवारणीची उधारी अजून फिटलेली नाही. तेव्हापासून बाबा (वय ५२) बागेत जात नाहीत, जेवणावर वासना नाही, रात्री पडवीत झोपतात. परवा म्हणाले, "मी नसतो तर तुम्ही सुटला असतात." आई (वय ४७) एवढ्यातेवढ्यावरून अंगावर येते, मग न्हाणीघरात रडते. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, रात्री घामाने भिजून उठते, पंखा लावते. मी कोणाची बाजू घेऊ? माझ्या कॉलेजच्या खर्चामुळे हे झालं का?

उत्तर : नाही, बाळा. तुझ्यामुळे झालेलं नाही.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी तुला फोन केला, तो बाबांच्या त्या एका वाक्यामुळे. असं कोणी बोललं की ते रागातलं म्हणून सोडायचं नाही. "जीव नकोसा झालाय का?" असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. तुझ्या काकांनी त्याच रात्री फवारणीची औषधं आपल्या घरी नेऊन कुलपात ठेवली, हे ऐकून मला हायसं वाटलं. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून ठेव. रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता पंखा आणि पडवी. पाळी जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एकसारखं उतरत नाही, वरखाली होत राहतं. त्यात मेंदूचं तापमानाचं गणित बिघडतं, अंगातून वाफा निघाल्यासारख्या होतात, झोप तुटते. महिनोन्‌महिने झोप तुटलेलं माणूस चिडतंच. आई चादर भिरकावून कूस वळवते, बाबांना वाटतं ती आपल्यावर वैतागलीय. ते उठून पडवीत जातात, आईला वाटतं यांनी मला टाकलं. दोघांपैकी कोणीच तसं म्हटलेलं नाही.

बाबांचं मात्र हार्मोनच्या माथी मारू नका. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला जेमतेम एखाद टक्का उतरतं, पाळीसारखं थांबत नाही. दोन आठवड्यांच्या वर मन उठलेलं, जेवण-झोप गेलेली, कामाला हात लागत नाही, हे नैराश्य असू शकतं. "आळशी झालेत" असं शेजारी म्हणोत, तू म्हणू नकोस. गोळ्या लागल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे जातात, तोवर मध्येच सोडायच्या नाहीत.

माझी आई अठ्ठेचाळिशीत अशीच होती. मी तिच्याशी महिनाभर बोलले नव्हते. डॉक्टर झाल्यावर कळलं, तोवर तिने एकटीनेच ते काढलं होतं. म्हणून तुला कळकळीने सांगते, बाजू कोणाचीच घेऊ नकोस, आणि "आईला सांग", "बाबांना सांग" असे निरोपही पोचवू नकोस. ते तुझ्या वयाचं ओझं नाही.

आईचं हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. थायरॉईड मंदावलं तरी असंच मन बसतं. रक्तस्राव फार होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच.

गुरुवारी काकांबरोबर यायला बाबा तयार झालेत, असं तू कळवलंस. आईलाही त्याच गाडीत बसव.